सूज, दाब आणि शून्याची जागा

महोदय,

अंगावर सूज आली की ‘आतला दाब वाढलाय’ असे सहज म्हटले जाते आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी आले की ‘रक्ताची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे त्यात विरघळलेल्या सगळ्या कणांचे एकूण प्रमाण) उतरली’ असे. पहिले विधान बऱ्याचदा चुकते, दुसरे जवळजवळ नेहमीच. वृत्तपत्रांतल्या आरोग्यविषयक मजकुरापुरते हे असते तर पत्र लिहिण्याची गरज नव्हती. पण हाच गोंधळ विद्यार्थ्यांच्या वह्यांत, केसपेपरवर आणि लॅबच्या रिपोर्टांत दिसतो, आणि तिथे त्यावर उपचार ठरतात. म्हणून ऊतींमधला द्रव आणि रक्तातला प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) यांचे दाब प्रत्यक्षात मोजतात कसे आणि आकडा बिघडतो कुठे, हे थोडे तपशिलात लिहीत आहे.

अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडलेली कल्पना अशी: केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी बाहेर जाणार की आत येणार, हे चार दाब ठरवतात. केशवाहिनीतला रक्ताचा दाब, बाहेरच्या ऊतिद्रवाचा दाब, प्लाझ्मातल्या प्रथिनांची पाणी ओढण्याची ताकद आणि ऊतिद्रवातल्या प्रथिनांची तशीच ताकद. शेवटच्या दोन दाबांना कोलॉइड ऑस्मॉटिक किंवा ऑन्कॉटिक प्रेशर म्हणतात. प्लाझ्माचा ऑन्कॉटिक दाब निरोगी माणसात २५ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. कातडीखालच्या ऊतिद्रवाचा साधा दाब मात्र शून्याच्या थोडा खाली, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा एक ते तीन मिमीने कमी.

हे आकडे किती लहान आहेत, ते पाहा. हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेताना चार मिमीची चूक झाली तर फारसे बिघडत नाही. इथे चार मिमीची चूक म्हणजे उणेचे अधिक आणि उत्तर उलटे. त्यामुळे यंत्र कितीही चांगले असो, सगळे काही ‘शून्य कुठे धरले’ या एका गोष्टीवर येऊन ठेपते.

शून्य चुकते ते मुख्यतः उंचीने. पाऱ्याचा १ मिमी म्हणजे पाण्याचा १३.६ मिमी स्तंभ. सलाइनने भरलेली नळी आणि तिच्या टोकाला ट्रान्सड्यूसर (दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे साधन) असेल आणि तो सुईच्या टोकापेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर ७.४ मिमी पारा फुकट वाढून दिसतो. कातडीखाली −२ असताना पडद्यावर +५ उमटते आणि वाचणारा ‘ऊतीत दाब वाढला’ असे लिहून मोकळा होतो. धमन्या-शिरांतला दाब मोजताना हृदयाची पातळी धरायची सवय असते, ती इथे कामाची नाही. इथे शून्य धरायचे ते सुईचे टोक जिथे बसणार त्या उंचीला. उत्तम रीत म्हणजे सुई टोचण्याआधी तिचे टोक छोट्या वाटीतल्या सलाइनमध्ये जेमतेम बुडवायचे, त्या सलाइनचा पृष्ठभाग टोचण्याच्या जागेच्या उंचीवर धरायचा आणि तिथे शून्य करायचे. मोजून झाल्यावर सुई काढून पुन्हा त्याच वाटीत. शून्य परत आले नाही तर मधला आकडा टाकून द्यायचा. हे दुसरे शून्य पाहण्याचा कंटाळा केला जातो, आणि मोजमाप बिघडल्याचा एकमेव पुरावा त्याबरोबर हरवतो.

आता साधनांकडे. नुसती पोकळ सुई ऊतीत घातली तर ती जवळजवळ काहीच मोजत नाही. ऊतिद्रव मोकळ्या पाण्यासारखा साठलेला नसतो. कोलॅजनच्या तंतूंत आणि हायलुरोनिक आम्लाच्या जेलमध्ये तो अडकलेला असतो. सुईचे भोक त्या जेलने बुजते. मोकळे करायला चिमूटभर सलाइन ढकलले की आपणच तिथे एक डबके तयार करतो आणि त्या डबक्याचा दाब वाचतो. आर्थर गायटन यांनी १९६३ मध्ये यावर वेगळी वाट काढली. भोके पाडलेली पोकळ कुपी प्राण्यांच्या कातडीखाली पुरायची, काही आठवडे जखम भरू द्यायची आणि मग कुपीतल्या द्रवाचा दाब घ्यायचा. आकडा आला −६ ते −७ च्या आसपास, आणि ऊतीतला दाब वातावरणापेक्षा कमी असू शकतो हे मान्य करणे भाग पडले. मात्र कुपीच्या भोवती नव्या ऊतीचे अस्तर वाढते, ते स्वतःच अर्धपारगम्य पडद्यासारखे वागू शकते आणि मग आकड्यात थोडा प्रथिनांचा खेळ मिसळतो, हा आक्षेप रास्त आहे.

माणसात वापरता येईल असे साधन म्हणजे वात घातलेली सुई. १९७७ मध्ये नॉर्वेतल्या फाडनेस, रीड आणि आउकलांड यांनी ती वर्णन केली. साधारण ०.६ मिमी जाडीच्या सुईला टोकापासून थोड्या अंतरावर बाजूने लांबट खिडकी पाडतात आणि आत बारीक तंतूंची वात भरतात. तंतूंमधल्या फटी सलाइनने भरलेल्या राहतात, त्यामुळे एक भोक बुजले तरी शेकडो वाटा उघड्या असतात. वात सुईत सैल बसली तर हवा अडकते, फार घट्ट बसली तर द्रवाचा संपर्क तुटतो. संपर्क आहे की नाही हे ओळखायची कसोटी सोपी आहे: ट्रान्सड्यूसरकडे जाणारी नळी चिमट्याने हलकेच दाबायची. दाब क्षणभर चढतो आणि मग उतरत पूर्वीच्या जागी येतो. मग चिमटा सोडायचा. दाब खाली झुकतो आणि पुन्हा वर येऊन त्याच जागी थांबतो. वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी एकाच आकड्यावर, एक मिमीच्या आत, आला तर तो आकडा धरावा. चढला आणि तिथेच अडकला, तर वात तुंबली आहे. चटकन परत आला पण पडद्यावरची रेघ नाडीबरोबर हलते आहे, तर सुई एखाद्या रक्तवाहिनीत किंवा तिला टेकून आहे. नळीतला बुडबुडा तर सगळ्यात फसवा. हवा दबते, म्हणून दाब बदलला की आधी बुडबुडा आकार बदलतो आणि त्यासाठी ऊतीतून द्रव ये-जा करावा लागतो. रेघ आळशीपणे सरकते आणि घाईत वाचलेला आकडा अर्धवट असतो. सलाइन आधी उकळून किंवा निर्वातात ठेवून त्यातली हवा काढलेली बरी.

एवढी काळजी घेऊन मोजले की एक गोष्ट दिसते, जी सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. कातडीखालची ऊती थोडी कोरडी असताना तिचा दाब उणे असतो आणि द्रव जरासा वाढला तरी झटकन शून्याकडे चढतो. पण शून्य ओलांडले की ऊती सैल पडते. आता कितीही पाणी साचो, दाब फक्त काही मिमीने वर जातो. बोटाने दाबल्यावर खळगा पडणारा पाय दुप्पट झालेला असला तरी आतला दाब +२, +४ असाच मिळू शकतो. तेव्हा मोठी सूज म्हणजे मोठा दाब नव्हे. उलटेही खरे आहे: भाजल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत त्या कातडीतला दाब शून्याच्या खूप खाली कोसळतो, कारण बिघडलेले कोलॅजन पाणी शोषून घेते. सूज तिथे इतक्या वेगाने भरते ती या ओढीमुळेही. सूज दिसण्याआधी दाब उणे, आणि सूज दिसल्यावर जेमतेम शून्याच्या वर!

हा सैलपणा जिथे नाही तिथे गणित पालटते. पायाच्या पिंढरीचे स्नायू जाड, न ताणणाऱ्या पडद्यांनी चार कप्प्यांत बांधलेले आहेत. हाड मोडले, चिरडले गेले किंवा बंद झालेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला आणि त्या कप्प्यात सूज आली, तर जागा वाढत नाही, दाब वाढतो. तो केशवाहिन्यांच्या दाबाच्या वर गेला की स्नायू आणि मज्जातंतू उपाशी राहतात. हा कंपार्टमेंट सिंड्रोम. इथे मोजमाप काही तासांत हात किंवा पाय वाचवते, म्हणून त्यातल्या चुका जास्त टोचतात.

हातात धरायच्या यंत्रात सलाइन भरलेली सिरिंज, मध्ये दाबाचे कक्ष आणि पुढे बाजूला भोक असलेली सुई असते. सुई वर करून हवा काढायची. मग ज्या कोनात सुई टोचणार आहोत त्याच कोनात यंत्र धरून शून्य करायचे. आडवे धरून शून्य केले आणि उभी टोचली तर सहा सेंटिमीटरच्या सुईत सुमारे ४.४ मिमीचा फरक पडतो. टोचल्यावर ०.३ मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन ढकलू नये. कप्पा आधीच ताणलेला आहे, त्यात आणखी भर घातली की आकडा आपणच वाढवतो. मग आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. सुई योग्य कप्प्यात आहे का, हे त्या स्नायूवर हलके दाबून किंवा पाऊल हलवून कळते: आकडा चढला आणि सोडल्यावर उतरला पाहिजे. साध्या सरळ सुईने आकडा जास्त येण्याकडे कल असतो. बाजूला भोक असलेली सुई किंवा टोकाला चिरा असलेला कॅथेटर (बारीक मऊ नळी) बरा. चारही कप्पे मोजायचे. मागचा खोल कप्पा हमखास वगळला जातो, कारण तिथे पोचायला त्रास पडतो. हाड मोडलेल्या जागेपासून पाच सेंटिमीटरच्या आत मोजावे. दूर गेल्यास दाब कमी मिळतो आणि खोटा दिलासा मिळतो.

आयसीयूतला धमनीचा ट्रान्सड्यूसर वापरून हेच मोजायचे असेल तर एक सापळा ध्यानात हवा. त्या सेटमधली सलाइनची पिशवी ३०० मिमीला दाबलेली असते आणि तासाला सुमारे तीन मिलिलिटर सलाइन सतत सोडत राहते. रक्तवाहिनीत ते वाहून जाते. बंद कप्प्यात ते साचते. हा सतत वाहणारा फ्लश बंद केल्याशिवाय सुई जोडू नये.

आणि आकडा एकटा वाचू नये. मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राउन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की डायस्टोलिक (खालच्या) रक्तदाबातून कप्प्याचा दाब वजा करून उरणारा फरक पाहणे अधिक भरवशाचे. तो ३० मिमीच्या खाली गेला तर धोका. डायस्टोलिक ७० आणि कप्पा ४२, तर फरक २८. डायस्टोलिक ९० असता तर त्याच ४२ ला फरक ४८ राहिला असता. भूल दिलेल्या रुग्णाचा डायस्टोलिक उतरतो, म्हणून त्या वेळचा फरक फसवा असतो. भुलीआधीचा रक्तदाब धरणे शहाणपणाचे. वेदना वाढतच चालल्या आहेत, बोटे ताणली की कळ येते, अशी लक्षणे स्पष्ट असताना यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये, हेही तितकेच खरे. यंत्राचा खरा उपयोग बेशुद्ध, भूल दिलेल्या किंवा सांगू न शकणाऱ्या रुग्णात.

आता प्लाझ्मा. ऑस्मोलॅलिटी आणि ऑन्कॉटिक दाब ही दोन वेगळी मापे आहेत, आणि त्यांची गल्लत किती मोठी आहे ते आकड्यांनीच सांगावे. ३७ अंशांना १ मिलिऑस्मोल (ऑस्मोलॅलिटीचे एकक) म्हणजे १९.३ मिमी पाऱ्याचा परासरण (ऑस्मॉटिक) दाब. प्लाझ्माची ऑस्मोलॅलिटी २९० धरली तर एकूण दाब होतो ५,६०० मिमीच्या घरात. त्यात सगळ्या प्रथिनांचा वाटा २५ मिमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उरलेला सोडियम, क्लोराइड, ग्लुकोज, युरिया यांचा. आणि ते केशवाहिनीच्या भिंतीतून सहज आरपार जातात, म्हणून तिथे पाणी धरून ठेवत नाहीत. गोठणबिंदूवरून ऑस्मोलॅलिटी मोजणाऱ्या नेहमीच्या ऑस्मोमीटरला अल्ब्युमिन निम्मे झाले तरी कळणार नाही. तो फरक यंत्राच्या नेहमीच्या चढउतारातच बुडून जातो. ऑन्कॉटिक दाबासाठी पडद्याचे ऑस्मोमीटर लागते.

त्याची रचना साधी. दोन कक्ष, मध्ये पडदा. पडद्यातून साधारण ३०,००० रेणुभारापर्यंतचे पदार्थ जातात. ६६,५०० चे अल्ब्युमिन अडते. खालचा कक्ष सलाइनने भरून घट्ट बंद, त्याला ट्रान्सड्यूसर जोडलेला. वर नमुना, हवेला उघडा. नमुन्यातली प्रथिने खालून पाणी ओढतात, खालचा कक्ष बंद असल्याने तिथला दाब उणे होत जातो आणि ओढ तितकीच झाली की पाणी थांबते. तो उणे दाब म्हणजे ऑन्कॉटिक दाब. साधारण एक-दोन मिनिटांत रेघ सपाट होते.

पडदा सलाइनमध्ये भिजवून बसवायचा, कोरडा पडू द्यायचा नाही. त्याची गुळगुळीत बाजू नमुन्याकडे. दोन्हीकडे सलाइन ठेवून शून्य करायचे. मग २७.२ सेंटिमीटरचा पाण्याचा स्तंभ लावून २० मिमी येतात का पाहायचे. पण एवढ्याने फक्त ट्रान्सड्यूसर तपासला जातो, पडदा नव्हे. पडद्यासाठी ५ टक्के अल्ब्युमिनचे द्रावण घ्यावे, त्याचा दाब २० च्या आसपास यायला हवा. स्तंभाला २० आणि अल्ब्युमिनला १६ येत असेल तर पडदा गळतो आहे किंवा नमुना पातळ झाला आहे.

पातळ होण्याची चूक सर्वांत जास्त घडते. वरच्या कक्षात आधीचे ३० मायक्रोलिटर सलाइन राहिले आणि त्यावर ३०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घातला, तर प्रथिने डेसिलिटरला ७ वरून ६.४ ग्रॅमवर आली. नऊ टक्के कमी, पण दाब चौदा टक्के उतरतो, २५.६ वरून २२ वर. कारण प्रथिने आणि दाब यांचे नाते सरळ रेषेत नाही. प्रथिने निम्मी, म्हणजे ३.५ केली तर दाब निम्मा होत नाही, ९.७ होतो. म्हणून कक्ष टिपून घ्यावा, एकदा नमुन्यानेच विसळून तो टाकावा आणि मग पुन्हा भरून वाचावे.

रेघ वर जाऊन हळूहळू परत उतरत असेल तर पडद्यातून प्रथिने गळत आहेत. सपाट व्हायला दहा मिनिटे लागत असतील तर खालच्या कक्षात बुडबुडा आहे किंवा पडद्यावर प्रथिनांचा थर चढला आहे. नमुना काढून धुतल्यावर शून्य परत यायला हवे; ते न आल्यास त्या दिवशीचे आधीचे वाचनही संशयास्पद. खोलीच्या तापमानाला मोजले तर शरीराच्या तापमानापेक्षा आकडा सुमारे चार टक्के कमी येतो, त्यामुळे कोणत्या तापमानाला मोजले ते लिहावे.

नमुना घेतानाच चूक होते ती वेगळी. रक्त गोठू नये म्हणून वापरतात त्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव सायट्रेट असते. ते सगळे प्लाझ्मात मिसळते, पेशींत नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ४५ टक्के असेल तर ४.९५ भाग प्लाझ्माचे ५.९५ झाले, आणि २५.६ चा दाब १९.४ दिसू लागला. त्याऐवजी कोरडे हेपॅरिन वापरावे, तेही रक्त गोठू देत नाही. पट्टा हाताला फार वेळ आवळून ठेवू नये, कारण त्याखाली पाणी बाहेर झिरपते आणि प्रथिने दाट होतात. उभे राहिल्यावर प्लाझ्मातले पाणी पायांत उतरते आणि दाब वाढतो, आडवे झाल्यावर कमी होतो. तेव्हा सकाळी चालत आलेल्याचा आणि रात्रभर पडून असलेल्याचा आकडा शेजारी मांडून निष्कर्ष काढू नये. वीस मिनिटे आडवे ठेवून घेतलेला नमुना बरा.

‘यंत्र कशाला, प्रथिनांवरून हिशेब करता येतो’ असे म्हणणारे आहेत. प्रथिने ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घेऊन त्यांची २.१ पट, अधिक वर्गाची ०.१६ पट, अधिक घनाची ०.००९ पट, हे लँडिस आणि पॅपेनहायमर यांचे सूत्र निरोगी प्लाझ्माला चांगले लागू पडते. वरचे आकडे त्यानेच काढले आहेत. पण ते नेहमीच्या अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन प्रमाणावर बेतलेले आहे. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (मूत्रपिंडातून प्रथिने गळणे), सिरोसिसमध्ये (यकृत निबर होणे) ते प्रमाणच बिघडते. ग्लोब्युलिनचे रेणू मोठे. तेवढ्याच वजनात त्यांची संख्या कमी, म्हणून ओढही कमी. स्टार्च किंवा जिलेटिनचे सलाइन दिले असेल तर ते प्रथिनांच्या तपासणीत नीट उमटत नाही, पाणी मात्र ओढते. म्हणजे ज्या रुग्णांत हा आकडा हवा असतो, नेमके तिथेच सूत्र फसते.

चौथा दाब, ऊतिद्रवातल्या प्रथिनांचा, मोजायला सर्वांत अवघड. सलाइनमध्ये भिजवलेली नायलॉनची वात कातडीखाली ओवून तासभर ठेवतात, बाहेर काढून रक्त लागलेली टोके कापून टाकतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काही मायक्रोलिटर द्रव मिळवतात आणि तो लहान नमुन्याच्या ऑस्मोमीटरवर ठेवतात. वात कोरडी ओवली तर ती केशवाहिन्यांतून प्रथिने खेचते. वाफ उडाली की इतका थोडा नमुना लगेच दाट होतो, म्हणून खनिज तेलाखाली ठेवावा लागतो. एवढे करूनही हा आकडा केशवाहिनीच्या अगदी भिंतीलगतचा नसतो. भिंतीच्या आतल्या बाजूला ग्लायकोकॅलिक्सचा, म्हणजे साखर-प्रथिनांच्या धाग्यांचा, थर असतो आणि त्याच्या पाठीमागच्या फटीत प्रथिने फारच कमी, हे आता मान्य झालेले आहे. त्यामुळे चारही दाब अचूक मोजून वजाबाकी केली तरी प्रत्यक्ष गळतीचा मेळ बसत नाही. मोजमाप खोटे म्हणून नव्हे, तर आपण त्या फटीच्या बाहेर मोजतो म्हणून.

म्हणून विनंती एवढीच: असा दाब छापताना किंवा रिपोर्टवर लिहिताना आकड्याशेजारी शून्य कोणत्या उंचीला धरले, साधन कोणते, रुग्ण आडवा होता की बसलेला, आणि प्लाझ्माच्या बाबतीत ट्यूब कोणती, पडदा किती रेणुभाराचा आणि तापमान किती, हेही लिहावे. कंपार्टमेंटच्या आकड्याबरोबर त्याच वेळचा डायस्टोलिक रक्तदाब आणि घड्याळातली वेळ हवी, कारण दोन तासांनी तोच पाय पुन्हा मोजावा लागणार असतो.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक शिक्षक